भुतांना पाच तारे

पांढऱ्या साडीतली बाई विहिरीतून वर यायला लागली, तशी हेमचंद्ररावांनी उशी छातीशी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं उमाबाईंचं मनगट पकडलं. उमाबाई शांतपणे मेथी निवडत होत्या. भर दुपारी पडदे ओढून त्या आठवड्यातला तिसरा भुताचा सिनेमा चालला होता.

“विहिरीला पाणी बघा केवढं आहे,” उमाबाई म्हणाल्या.

हेमचंद्ररावांना भुताची भीती लहानपणापासूनची. पण त्याहून मोठी एक भीती त्यांना होळीपासून लागली होती. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही लहर लागली तर. मधे टँकर, त्याचाही भरवसा नाही. शहर चिकलठाण्याच्या पुढं पसरत चाललं होतं आणि धरण आटत चाललं होतं. पुण्याहून मुलगी हिमानी सारखी फोन करायची, “आई, इथं रोज पाणी आहे. पाऊस पडेपर्यंत ये. बाबांना डबा लावून दे.” उमाबाईंनी बॅग भरलीसुद्धा होती.

हिमानीचं घर दोन खोल्यांचं, तिथं जावयाचे आईवडीलही. आपल्याला तिथं जागा नाही, हे हेमचंद्ररावांना कळत होतं. डब्याचं काही नव्हतं हो, डबा त्यांनी गोड मानून खाल्ला असता. पण उमा घरात नसली की घर खायला उठायचं. आता ‘जाऊ नकोस’ एवढं म्हटलं की झालं. पण ज्या माणसानं उभ्या जन्मात बायकोला कधी विनवलं नाही, त्याची जीभ आयत्या वेळी कशी वळणार?

म्हणून त्यांनी ‘काय बघू’ नावाच्या वेबसाइटचे पैसे भरले. सिनेमा टीव्हीवर बघायचा, संपला की फोनवरून तारे द्यायचे. मग ती वेबसाइट आपली आवड ओळखून पुढचा सिनेमा सुचवते म्हणे. उमाचा जीव इथं रमला तर ती थांबेल, असा त्यांचा हिशेब. तारे द्यायचं काम त्यांनी मुद्दाम तिच्याकडं सोपवलं.

आधी देवादिकांचे सिनेमे झाले. उमाबाईंनी एकेक तारा दिला. कौटुंबिक झाले, त्यांनाही एकच. मग चुकून एक भुताचा लागला आणि उमाबाईंनी हसऱ्या चेहऱ्यानं पाच तारे दिले! पुढच्या भुतालाही पाच. झालं, वेबसाइटनं कंबरच कसली. हडळी, मुंजे, पडके बंगले, रडणाऱ्या बाहुल्या, सगळी पलटण रांगेनं दिवाणखान्यात यायला लागली. आणि नवल म्हणजे उमाबाईंनी पुण्याचं नावच टाकलं. बॅग कपाटावर गेली.

“रामकिसनराव, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला बायकोची आवड कळली नाही,” हेमचंद्रराव शेजाऱ्याला कौतुकानं सांगायचे. “त्या वेबसाइटला पंधरवड्यात कळली.”

“वहिनीला भुतं आवडत्यात?” कारखान्यातून निवृत्त झालेले रामकिसनराव गालात हसले. “लई भारी. अन् तुम्हाला?”

“मला काय, बसायचं सोबतीला.”

हे सोबतीला बसणं कसं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अर्धा वेळ डोळे मिटलेले. मधेच उमाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या की हे मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायचे. एकदा सगळ्यात भयंकर भुताला उमाबाईंनी एकच तारा दिला, तेव्हा ते चकितच झाले. हिला याहून जालीम लागतं की काय, या विचारानं त्यांना घाम फुटला.

पण आज विहिरीतल्या बाईनं हद्द केली. ती विहिरीच्या काठावर चढली, मान गर्रकन फिरवली आणि थेट हेमचंद्ररावांकडं बघून हसली. ते “आई गं!” म्हणून जे उडाले, ते पाय लागून पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी आडवी. पाणी फरशीवरून दारापर्यंत गेलं.

उमाबाईंनी आधी पाण्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. “अहो, एवढं भिता तर बघायलात कशाला?”

“तुझ्यासाठी!” हेमचंद्ररावांचा बांध फुटला. “मला नाही सोसत ही भुतं. तुला आवडतात म्हणून जीव मुठीत धरून बसतो. पाच पाच तारे देतेस ना तू त्यांना!”

“मी? अहो, माझं कुठलं लक्ष सिनेमात! कान सगळा नळाकडं. पाणी आलं, टँकर आला की जीव थंड होतो, मग देते पाच. नाही आलं तर एक. मला तर वाटलं, तुम्हालाच भुतांचा नाद लागला.”

दोघंही पोट धरून हसले. उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता हेमचंद्रराव एकदम थांबले.

“मग तू पुण्याला का गेली नाहीस?”

“जाणार कशी? सिनेमा सुरू झाला की माझं मनगट सोडत नव्हता तुम्ही. अशा माणसाला एकट्याला भुतांपाशी टाकून जाऊ होय?” उमाबाईंनी डोळे पुसले आणि फरशीवर पोतेरं टाकलं. “आता बंद करा ती भुतं. माझा घोर मिटला. हिमानीला फोन लावा, रविवारी येते म्हणावं.”

हेमचंद्ररावांनी मान डोलावली, निमूटपणे फोन उचलला आणि विहिरीतल्या बाईला पाच तारे दिले.