आठवीतल्या मुली

बारा वर्षांची हजेरी संगणकावर एकत्र आली आणि शिंगाडेबाई थबकल्या. वरच्या वाडीतल्या मुली आठवीत गेल्या की शाळा सोडत. मुलगे मात्र टिकत.

"त्यांच्यात लग्नं लवकर लावतात हो," म्हणत हेडमास्तर बशीत चहा ओतत राहिले.

यंदा आठवीत त्या वाडीतली रंजिता होती आणि तिचंही येणं कमी झालं होतं. शाळा सुटल्यावर बाई तिच्यासोबत वाडीकडे निघाल्या. पोर वाटभर बडबडत होती. वीटभट्टी दिसली तशी गप्प झाली आणि बाईंचा हात घट्ट धरून त्यांच्या पलीकडे सरकली.

भट्टीपुढच्या खाटेवरून मालक हसला. "आज बाईंना आणलंस होय गं?"

बाईंनी रंजिताला पाठीशी घेतलं.

"मीच आले," बाई म्हणाल्या. "आता रोज येणार."

"या की. परतताना एकट्याच ना?"