शिडी धरणारा

काका अजून शिडीच्या मध्यावरच होते, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या वायरमनच्या अंगाचा तिळपापड होत होता. संध्याकाळी कारखान्याचे मालक आवारातले दिवे बघायला येणार होते. झाकणं उघडायची, पुसायची, परत बसवायची, एवढंच काम. पण काकांचं सगळं गोगलगायीच्या चालीनं. आधी शिडी दोरीनं खांबाला बांधायची, मग ती दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघायची, मग पायरीपायरीवर थांबून शर्टाला हात पुसायचे.

वर मुक्काम करायचा बेत आहे का, असं त्यानं खालून विचारलंसुद्धा. चढताना काका कधीच बोलत नसत, खालीही बघत नसत.

काका म्हणजे त्याच्या नात्यातले नव्हेत. एकाच खात्यातले, वयानं मोठे आणि आता निवृत्तीला आलेले. रीत अशी होती, की एक खांब एकानं चढायचा, पुढचा दुसऱ्यानं. पण वायरमन कधीच चढला नाही. झाकणात मेलेल्या पतंगांचा थर असायचा आणि त्यातून एखादा जिवंत निघायचा. तो तोंडावर फडफडणार, पंखांची भुकटी ओठांवर बसणार, या नुसत्या विचारानं त्याला चढणं नको व्हायचं. दिवसभर विजेशी खेळणारा मिशीवाला गडी पतंगाला भितो, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? म्हणून कामाला लागला त्याच आठवड्यात त्यानं थाप ठोकली, की उंचावर गेलं की मला गरगरतं. काकांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं होतं आणि मुकाट्यानं शिडीला हात घातला होता. तेव्हापासून सगळे खांब काकांचे. वायरमनला स्वतःचीच चीड यायची आणि ती निघायची काकांवर.

आजचा खांब फाटकाजवळचा, सगळ्यांत उंच. काकांनी झाकण उघडलं. आतून एक मोठा तपकिरी पतंग निघाला आणि त्यांच्या डोक्याभोवती भिरभिरू लागला. काका दचकले. झाकण हातातून सुटलं आणि खाली येऊन फुटलं.

वायरमनचं डोकंच फिरलं. आता मालकांना काय दाखवायचं, कपाळ? आधी खाली या, म्हणून तो ओरडला. काका हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली होती. शिडी मात्र वायरमनच्या हातात थरथरत होती. त्यानं वर निरखून बघितलं. काकांचे पाय लटपटत होते.

हाकेच्या अंतरावर कुणी नव्हतं. पतंग अजून तिथंच घिरट्या घालत होता. वायरमननं पतंगाला, काकांना आणि स्वतःला शिव्या घातल्या आणि शिडी चढायला लागला.

काकांच्या पाठीशी पोचला तोच पतंग त्याच्या गालावर येऊन बसला. अंगावर सरसरून काटा आला. हात झटकून पळून जावंसं वाटलं. पण त्याचा एक हात शिडीवर होता, दुसरा काकांच्या घामानं भिजलेल्या पाठीवर, आणि दोन्हींतला एकही सोडण्यासारखा नव्हता. डोळे मिटून तो तसाच थांबला. मग काकांचा एकेक पाय पायरीवर टेकवत त्यांना खाली घेऊन आला.

काका जमिनीवर बसले. वायरमननं गाल खसाखसा पुसला आणि त्याचा राग उफाळून आला. एवढं होतं तर रोज वर कशाला जायचं, मला सांगता येत नव्हतं का, असं तो तावातावानं म्हणाला.

काकांनी शर्टाला हात पुसले.

"तुला कसं सांगणार? वर गेलं की कसा जीव जातो, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हटलं, आपलं वय झालंय, या पोराला कशाला त्यात घाला." त्यांनी त्याचा हात धरला. "आज माझ्यापायी तुला चढावं लागलं. फार गरगरलं का रे?"