ऑरिनचं माप

ऑरिन ट्वेटने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून झाडलेल्या काडतुसांच्या शंभर पुंगळ्या पुन्हा भरून घ्यायला आणल्या होत्या. घासूनपुसून लखलखीत केलेल्या. डबा त्याने डेल्मरच्या गॅरेजमधल्या बाकावर ठेवला आणि दात काढून घ्यायला आल्यासारखा खुर्चीत बसला. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदू सोमवारीच काढला होता.

"डॉक्टर म्हणाले, महिनाभर बारीक काम बंद."

"आणि पिस्तूल चालवलेलं चालेल म्हणाले?" डेल्मरने विचारलं.

"ते मी विचारलंच नाही."

शनिवारी नेमबाजी क्लबाची स्पर्धा होती. बावीस वर्षांत पहिलं बक्षीस या दोघांबाहेर गेलं नव्हतं. ऑरिनची बारा, डेल्मरची दहा. आणि क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऑरिन सांगत आला होता, की दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालू नका, आणि डेल्मर हॉकन्सनने भरलेलं तर हातातसुद्धा घेऊ नका.

"दुकानातली घे ना मग," डेल्मर म्हणाला.

"दुकानातली? त्यापेक्षा दगड मारीन."

डेल्मरने एक पुंगळी उचलली आणि उजेडात फिरवून बघितली.

"पण एक अट आहे," ऑरिन म्हणाला. "काडतुसात दारू किती घालायची ते तुला कळता कामा नये."

"म्हणजे? भरू कसं? डोळे मिटून?"

"माप वर्ला लावेल."

डेल्मरची बायको वर्ला तेवढ्यात कॉफी घेऊन आली होती. डेल्मरला स्वतःचं अक्षर लागत नसे, म्हणून त्याची काडतुसांच्या वजनांची वही इतकी वर्षं तीच लिहीत होती. बंदुकीची दारू दोघंही एकाच दुकानातून, एकाच जातीची घेत. सगळी चढाओढ होती ती वजनाची. कोण किती घालतो, हे बावीस वर्षांत एकाने दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं.

ऑरिनने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. "वाच, आणि परत दे. तू रे, भिंतीकडे तोंड कर."

"माझ्याच गॅरेजात?"

"कर म्हणतो ना."

डेल्मर बर्फ उपसायच्या फावड्याकडे तोंड करून उभा राहिला.

वर्लाने कागद वाचला. परत एकदा वाचला. मग बाकावरच्या मापाच्या, म्हणजे दारू मोजून सोडणाऱ्या यंत्राच्या, काट्याकडे बघितलं. डेल्मरने सकाळीच आपल्या काडतुसांसाठी तो लावून ठेवला होता. कागदावरच्या वजनासाठी काटा जिथे असायला हवा होता, तिथेच होता.

तिने ऑरिनकडे बघितलं. एका डोळ्याने तो तिच्याकडे टक लावून बसला होता, श्वास रोखून.

वर्लाने मापाचा स्क्रू उजवीकडे फिरवला, चांगली कुरकुर ऐकू येईल इतका. मग तेवढाच डावीकडे फिरवून जागेवर आणला. चिमूटभर दारू तराजूत टाकून वजन बघितलं, मापावर भांडी पुसायचं फडकं टाकलं आणि म्हणाली, "झालं."

"बराच फिरवावा लागला," डेल्मर भिंतीला म्हणाला.

"आता कानही बंद कर," ऑरिन म्हणाला.

डेल्मर कामाला लागला. यंत्राचा दांडा खाली, दांडा वर. प्रत्येक पुंगळीत दारू पडली की गोळी बसवण्याआधी तो बॅटरी लावून आत बघे. वजनातला बारीक फरक काही डोळ्यांना कळत नाही. दारू पडली की नाही, आणि चुकून दोनदा तर पडली नाही ना, एवढंच कळतं. दोनदा पडली तर पिस्तूल हातातच फुटतं. तो एकदा बघे, थांबे, आणि पुन्हा बघे. विसाव्या पुंगळीपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. कॉफी तशीच गार झाली.

"स्वतःची भरताना इतकं बघतोस?" ऑरिनने विचारलं.

"एकदाच बघतो."

"मग?"

"तुझा हात उडाला तर लोक म्हणतील, डेल्मर हरायला घाबरला."

"बघ मग नीट," ऑरिन म्हणाला, आणि पट्टी नसलेला डोळाही मिटून खुर्चीत मागे रेलला.

शंभर भरून व्हायला दुपार झाली. ऑरिनने काडतुसांचा डबा मांडीवर घेतला. आभार वगैरे मानले नाहीत. वर्ला त्याला गाडीने घरी सोडायला निघाली. दोन्ही बाजूंना गहू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी ऑरिनने आवाज खाली आणला.

"वर्ला, त्याचं वजन तुला ठाऊकच असणार. आकडा नको सांगूस. एवढंच सांग, त्याचं माझ्यापेक्षा सरस आहे का?"

"नाही," वर्ला म्हणाली.

"मला वाटलंच होतं." ऑरिनने खिडकीची काच खाली केली आणि उरलेला रस्ताभर गव्हाकडे असा बघत राहिला, जणू सगळा त्यानेच पेरला होता.

ती परत आली तेव्हा डेल्मर गॅरेजच्या दारातच उभा होता.

"तू सांगणार नाहीस, मला ठाऊक आहे. मी आकडा विचारतच नाही. फक्त, त्याचं माझ्यापेक्षा..."

"नाही."

"नाही ना?"

"अजिबात नाही."

डेल्मर शीळ घालत आत गेला. आत बराच वेळ खुडबुड चालली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती. वहीच्या खणाला त्याने कुलूप ठोकलं होतं, जुन्या सायकलीचं.

"त्याचा डोळा बरा होईपर्यंत तो आता इथे येत राहणार," किल्ली वर्लाच्या तळहातावर ठेवत तो हळूच म्हणाला. "ही तुझ्याजवळ ठेव. कोणाला पत्ता लागू देऊ नकोस."