मागची सीट

शैलजाने गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं, पण सुलक्षणा बसेना. तिच्या खांद्यावर दोन वर्षांची वैष्णवी होती. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. गोवर छातीत उतरला होता.

परवापासून सुलक्षणाच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा होता. घरात फोडणी बंद होती. गोवर म्हणजे बाया, देवीची रूपं, घरी आल्या. त्या असताना पोर उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असं सासूबाई फुलाबाईंचं म्हणणं. शेजारच्या शैलजाने, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने, आज त्यांना कसंबसं पटवलं. दवाखाना भोरला. हिर्डोशीहून तिकडे जाणारी एसटी थेट संध्याकाळी.

"हिला लस दिली नव्हती?" शैलजाने तेव्हाच विचारलं होतं.

"न्हाई, मॅडम. नर्सबाई आल्या तवा तुमी दारातच म्हणालात, आमच्या शार्दूलला नको. म्या ऐकलं. म्हटलं, एवढी शिकलेली बाई नको म्हनती, म्हंजी कायतरी आसंल."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डहाळा उतरवताना फुलाबाईच हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण होते.

"देवी टोचनारा आला तवा माज्या आयनं मला कणगीत लपवलं व्हतं. ती अडाणी व्हती. आता शिकल्याल्या दार लावत्यात."

 शैलजा गाडी काढायला गेली.

आता मागच्या सीटवर शार्दूल बिस्कीट खात बसला होता. घरी त्याला सांभाळायला कुणी नव्हतं.

"आमी यष्टीनंच जातो," सुलक्षणा म्हणाली. "शार्दूलला लागंल हे. त्यालाबी टोचलेलं न्हाई ना."

"बस तू."

"न्हाई, मॅडम. माज्या पोरीपायी तुमच्या पोराला कशाला?"

आणि ती खरंच थांब्याकडे वळली. पाठमोरी झाल्यावरही वैष्णवीची धाप ऐकू येत होती.

"सुलक्षणा, थांब." शैलजाची नजर दाराच्या हँडलवर होती. "त्याला काही होणार नाही. त्याला मी भोरला खासगी डॉक्टरांकडं टोचून आणलंय. मी नको म्हणाले, ते सरकारी सुईला."