कोंबडीने पोचवलेला केक

तुमचा विश्वास बसणार नाही, पण गोडाचा कणही न खाता माझी साखर तीनशेवर गेली! डॉक्टर इंजेक्शन लिहायला लागले, तसा मी त्यांचा हातच धरला.

"डॉक्टर, नातीच्या वाढदिवसाचा केक मुंग्यांनी खाल्ला. मुंग्या आमच्या कोंबडीने टिपल्या. मी बापडा सकाळी फक्त तिचं अंडं खाल्लं. साखर आली ती अशी, हातोहात!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी मनातल्या मनात सुईला टाटा केला.

शेजारी आमची ही बसली होती, जन्मभर शाळेत अन्नसाखळी शिकवलेली.

"अहो, साखळीत दर पायरीला दहातला जेमतेम एक हिस्सा पुढे जातो. मग तुमच्या मिशीपर्यंत हे क्रीमचं अख्खं फूल कसं पोचलं?"