दादाची झूम लेन्स

वहिनींनी पिशवीतून कॅमेरा काढून टीपॉयवर ठेवला. दादाची मोठी झूम लेन्स त्याला लावलेलीच होती.

"भाऊजी, यांचा हात आता थरथरतो. तुम्हाला द्यायला सांगितलंय."

मला काही ते पटेना. स्टुडिओची वाटणी झाली तेव्हापासून, कितीतरी वर्षं, दादा माझ्याशी बोललेला नाही. रस्त्याच्या पलीकडे त्याचा स्टुडिओ, अलीकडे माझा. पण तो कधी इकडे ढुंकून बघत नाही. असा माणूस धड लेन्स फुकट देईल?

मी वहिनींसमोरच तपासायला घेतली. त्यांच्यावर धरली, फोकस झटकन बसला. झूम केलं तरी सुटला नाही. मग कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि वहिनींच्या मागे, पार दाराशी जाऊन उभा राहिलो.

"अहो, फोकस आता जाऊबाईंवर थांबतच नाहीये," बायको म्हणाली. "सारखा तुमच्याकडे पळतोय."

"बघा! बिघडलेली लेन्स माझ्या गळ्यात मारलीय त्यानं."

मी तणतणतच मेनू उघडला. या कॅमेऱ्यात एखादा चेहरा साठवून ठेवता येतो. मग गर्दीतही फोकस आधी त्यालाच शोधतो. दादानं एकच चेहरा साठवला होता.

माझा. मागे माझ्याच स्टुडिओचं अर्धं शटर दिसत होतं, म्हणजे रस्त्यापलीकडून टिपलेला. आणि त्या चेहऱ्याला मिशी होती.

मिशी मी या दिवाळीला ठेवलीय.