निळीची चव

रंगराव नातीला, स्पंदनाला, रोज सांगायचे, "आपले रंगारी वाडवडील निळीचा रांजण जिभेनं पारखायचे. बोट बुडवायचं, चाटायचं. जीभ चुरचुरली की नीळ पिकली समजायचं." ती नीळ झाडपाल्याची होती. आता त्यांचा मुलगा हूटगळ्ळीच्या कारखान्यांतून कवटीचं चित्र असलेले रसायनांचे डबे आणायचा आणि हातमोजे घालून रंग कालवायचा. एके दुपारी रंगराव परसात आले आणि जागीच थिजले. रंगाच्या पिंपाशी स्पंदना उभी. तिचं बोट निळं, ओठ निळे. "अय्यो, थुंक! आधी थुंक!" तिला उचलून त्यांनी नळाशी नेलं. चुळांवर चुळा भरायला लावल्या. किती गिळलं असेल पोरीनं? स्पंदना मात्र खुशीत होती. "अज्जा, तुमी सांगितलं तसंच केलं मी." "जीभ चुरचुरली?" त्यांनी कसंबसं विचारलं. "नाही अज्जा, गोड लागलं. म्हणून पाळण्यातल्या बाळाला पण चाटवलं."